कोणत्या शाखेला कोण जाते

दहावीचा निकाल लागला की हरियाणातील मानेसर आणि आसपासच्या गावांतील विद्यार्थ्यांपुढे चार शाखा येतात: मेडिकल, नॉन-मेडिकल, कॉमर्स आणि आर्ट्स. महाराष्ट्रात ज्याला बायोलॉजी घेऊन सायन्स करणे म्हणतात ते इथले मेडिकल, आणि गणित घेऊन केलेले सायन्स म्हणजे नॉन-मेडिकल. पाचवी वाट आयटीआयची. अर्ज भरताना मुलगा किंवा मुलगी स्वतः सही करते, म्हणून याला निवड म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या सहीआधी बरेच काही ठरून गेलेले असते. गावातल्या शाळेत कोणती शाखा आहे, कॉलेजपर्यंत जाणारी बस कुठे थांबते, शिकून लागणाऱ्या नोकरीची पाळी किती वाजता सुटते आणि घरात लग्नाचा विषय कधी निघतो, या चार गोष्टी मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळ्या असतात. त्यामुळे दोघांना एकाच वर्गात एकच गणित शिकवले, तरी दोघे पुढे वेगवेगळ्या इमारतींत जाऊन बसतात.

गुणांचा प्रश्न इथे नाही. सीबीएसईच्या बारावीला २०२५ मध्ये मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण ९१.६४ टक्के होते, मुलांचे ८५.७० टक्के. उच्च शिक्षणात मुली मागे आहेत असेही आता म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. विज्ञान शाखेत तर मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख होते. दरी दिसते ती शाखेच्या आत. बी.एस्सी.च्या बाकांवर मुली जास्त, तर बी.टेक.मध्ये साधारण तीन विद्यार्थ्यांमागे एकही मुलगी पूर्ण भरत नाही. नर्सिंग आणि बी.एड.मध्ये मुलींची गर्दी असते, आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलगी सापडणे कठीण.

तीन किलोमीटर

मानेसरहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जयपूरच्या दिशेने निघाले की पुढे रेवाडी जिल्हा लागतो. या जिल्ह्यातील गोठडा टप्पा डहीना गावच्या मुलींनी मे २०१७ मध्ये उपोषण केले. गावची शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीसाठी सुमारे तीन किलोमीटरवरच्या कंवाली गावी जावे लागे आणि त्या रस्त्यावर मोटरसायकलवरून येणारी पोरे छेड काढत. ऐंशीच्या आसपास मुली धरणे धरून बसल्या, त्यांतील काहींनी अन्न सोडले. मागणी एकच होती: आमची शाळा बारावीपर्यंत करा. आठवडाभरात सरकारने ती मान्य केली. त्यानंतर हरियाणातील इतर गावांतल्या मुलीही हीच मागणी घेऊन बसू लागल्या.

या घटनेकडे सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि ते बरोबरच होते. पण हा शाखेचाही प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. ज्या मुलीला गावाबाहेर जाता येत नाही, तिच्यासाठी गावातल्या शाळेत जी शाखा असेल तीच उपलब्ध. विज्ञान शाखा सुरू करायची तर प्रयोगशाळा, उपकरणे आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक लागतो. कला शाखेला खोली आणि फळा पुरतो. त्यामुळे लहान गावात अकरावी सुरू होते तेव्हा सहसा कला शाखेने होते. मुलगा सायकल किंवा मोटरसायकल काढून गुरुग्रामला जातो आणि नॉन-मेडिकल घेतो. त्याच घरातली बहीण गावात राहते आणि आर्ट्स घेते. पुढे कुणी विचारले, तर तिला आर्ट्सचीच आवड होती असे घरचे सांगतात. कालांतराने तीही तेच सांगू लागते.

दिल्लीत याचे मोजमाप झाले आहे. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कॉलेज-निवडीचा अभ्यास केला. कुणाला कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळू शकत होता, त्याने कोणते निवडले आणि तिथे जाण्याचा रस्ता कसा होता, असे तिन्ही बाजूंनी पाहिले. मुलींच्या बाबतीत निष्कर्ष असा निघाला की रस्ता पुरेसा सुरक्षित वाटत असेल, तर वरच्या एक पंचमांश कॉलेजांत जागा मिळू शकत असतानाही त्या दर्जाने खालच्या अर्ध्यातले कॉलेज पत्करायला तयार होत्या. मुलांच्या निवडीत सुरक्षिततेला एवढे वजन नव्हते. बसमधला त्रास टाळण्यासाठी मुलगी इथे आयुष्यभराची पदवी बदलते, आणि या नुकसानीची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

उपाय माहीत नाहीत असे नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती अशा गावांत परिणाम सर्वाधिक दिसला. गोठड्याच्या मुलींचे अंतर नेमके तेवढेच होते. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस अनेक तालुक्यांत मुलींना शाळेपर्यंत नेतात. हरियाणात वीस किलोमीटरच्या आत मुलींसाठी कॉलेज असावे असे धोरण आखले गेले. पण जवळ कॉलेज येणे आणि जवळ विज्ञान शाखा येणे यांत फरक आहे. तो ओळखला नाही तर जवळचे कॉलेज मुलींना आर्ट्सकडेच नेत राहील.

अंतराला घरकामाचीही जोड असते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ८८ मिनिटे. संध्याकाळचा कोचिंग क्लास, दीड तासाचा प्रवास आणि रात्रीच्या भाकऱ्या एका दिवसात बसवताना सर्वांत आधी क्लास सुटतो. क्लासशिवाय ज्या परीक्षा पार होत नाहीत, त्या अभ्यासक्रमांची दारे तिथेच बंद होतात.

गणित येते, तरीही

मुलींना गणित जमत नाही, म्हणून त्या तांत्रिक शाखा घेत नाहीत, हे स्पष्टीकरण अजूनही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. ते टिकत नाही. सोहम साहू आणि स्टीफन क्लासेन यांनी देशव्यापी सर्वेक्षणाच्या आधारे अकरावी-बारावीच्या शाखा तपासल्या आणि एकाच घरातल्या मुला-मुलींची तुलना केली. विज्ञान-तंत्र आणि वाणिज्य या शाखांत जाण्याची शक्यता मुलींच्या बाबतीत मुलांपेक्षा सुमारे २० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. आधीच्या वयात गणितात कोण कसे होते यावरून हा फरक उलगडत नव्हता. घर तेच, आईवडील तेच, गणितही तेवढेच, आणि तरी वाट वेगळी.

या विचाराची मुळे जुनी आहेत आणि महाराष्ट्राच्या वाचकाला ती परकी नाहीत. पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागा शाळा निघाली. तिथे मुलींना मुलांसारखेच विषय का शिकवावेत, यावरून वाद पेटला. टिळकांच्या 'मराठा' पत्राने त्या अभ्यासक्रमावर कठोर टीका केली. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ (आजचे एसएनडीटी) स्थापले तेव्हा जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना त्यांच्यासमोर होता. मातृभाषेतून शिक्षण आणि त्यात गृहजीवनाशी जोडलेले विषय, अशी ती रचना होती. हजारो स्त्रियांना त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचता आले, ही गोष्ट मोठीच आहे. पण बाईने शिकावे ते घर चालवण्याच्या उपयोगाचे, हा समजही त्यासोबत शिक्षणव्यवस्थेत पक्का झाला.

स्वातंत्र्यानंतर हा समज कागदावरून काढून टाकण्याचे काम हंसा मेहता यांच्या समितीने केले. मुला-मुलींच्या अभ्यासक्रमांत फरक असावा का, हे ठरवण्यासाठी १९६२ मध्ये ही समिती नेमली गेली. मेहता स्वतः एसएनडीटी आणि बडोदा या दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरू राहिलेल्या होत्या. मुलगा आणि मुलगी म्हणून अभ्यासक्रम वेगळे करायला शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका समितीने घेतली. कोठारी आयोगाने ती उचलून धरली, आणि दहावीपर्यंत गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचे होण्याचा मार्ग मोकळा झाला. आज मानेसरची मुलगी दहावीपर्यंत बीजगणित करते ते या निर्णयामुळे. सक्ती दहावीला संपते, आणि जिथे ती संपते नेमकी तिथूनच वाटा फुटतात.

डॉक्टर चालते, इंजिनिअर का नाही

विज्ञान घेतलेल्या मुलींतही मेडिकलकडे ओढा जास्त असतो. २०२५ च्या नीटमध्ये पात्र ठरलेल्या १२.३६ लाख विद्यार्थ्यांत मुली सात लाखांहून अधिक होत्या. जेईई मेन देणाऱ्यांत मात्र त्या साधारण एक तृतीयांश असतात. अभ्यास दोन्हीकडे कठीण, स्पर्धा दोन्हीकडे जीवघेणी. मग घरचे एकाला हो आणि दुसऱ्याला नको का म्हणतात?

हरियाणातल्या घरांत याचा विचार पदवीपेक्षा पुढच्या तीस वर्षांचा असतो. डॉक्टर झालेली मुलगी सासरच्या गावात दवाखाना काढू शकते. बायका तपासून घ्यायला बाईच शोधतात, त्यामुळे रुग्णांची कमतरता पडत नाही. इंजिनिअरची नोकरी कंपनी जिथे नेईल तिथे असते. ती बंगळुरूला असली आणि सासर नारनौलला असले, तर कुणाचे चालायचे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. शिक्षिकेच्या नोकरीचे आकर्षणही इथूनच येते. जेबीटी (प्राथमिक शिक्षकाची पदविका) किंवा बी.एड. झालेली मुलगी सरकारी शाळेत लागली तर दुपारी घरी असते, बदली झाली तरी राज्यातच राहते आणि लग्न जमवताना तिच्या पगाराचा उल्लेख होतो. नॉन-मेडिकल घेतलेल्या कितीतरी मुली याच हिशेबाने बी.टेक. सोडून बी.एस्सी. करतात. विज्ञान शाखेत मुली जास्त आणि अभियांत्रिकीत कमी, या कोड्याचे निम्मे उत्तर इथे आहे. हा हिशेब मूर्खपणाचा नाही. आजची लग्नव्यवस्था आणि नोकऱ्यांची रचना जशी आहे, तिच्यात तो बरोबरच येतो, आणि म्हणून नुसत्या समुपदेशनाने तो बदलत नाही.

उरलेले उत्तर पैशांत आहे. खासगी अभियांत्रिकी कॉलेजचा चार वर्षांचा खर्च लाखांत जातो, सरकारी कॉलेजातली बी.एस्सी. त्याच्या तुलनेत फार थोडक्यात होते. मुलावर खर्च केलेला पैसा घरात परत येईल अशी अपेक्षा असते; मुलीच्या बाबतीत तोच पैसा लग्नासाठी बाजूला राहतो. या ठिकाणी सरकारी निर्णय खरोखर वजन टाकू शकतो. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आयआयटींनी २०१८ मध्ये मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलांची एकही जागा कमी न करता दोन वर्षांत मुलींचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याआधी ते दहाच्याही खाली होते. पुरेशा पात्र मुली येतील का, अशी शंका तेव्हा काढली जात होती. जागा ठेवल्यावर मुली आल्या आणि त्या अभ्यासक्रमात टिकल्याही.

पाळी सुटते तेव्हा

मानेसरची ओळख कारखान्यांची. होंडाचा दुचाकी कारखाना २००१ मध्ये इथे सुरू झाला, मारुती सुझुकीचा काही वर्षांनी. त्यांच्याभोवती सुट्या भागांच्या शेकडो कंपन्या वसल्या. कासन, नाहरपूर, अलियर, ढाणा या जुन्या गावांतील शेती औद्योगिक वसाहतीत गेली आणि उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. पाळी सुटली की या गावांचे रस्ते कंपनीच्या गणवेशातल्या तरुण मुलांनी भरून जातात. हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेली ही मुले बहुतेक आयटीआय झालेली असतात: फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन.

आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असूनही देशभरात शंभर विद्यार्थ्यांत दहाही मुली नसतात. ज्या येतात त्या शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी, फॅशन डिझाइन, स्टेनो किंवा संगणक चालवण्याच्या ट्रेडमध्ये बसतात. मुलींना यंत्राची भीती वाटते, असे यावर सांगितले जाते. मानेसरमध्येच त्याला उत्तर आहे. इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत, इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि वायरिंग हार्नेसच्या लाइनवर बायका दिवसभर यंत्रांवरच काम करतात. फरक एवढाच की त्या आयटीआयचा दाखला घेऊन आलेल्या नसतात. दहावी-बारावीनंतर किंवा त्याआधीच त्या हेल्पर म्हणून लागतात. यंत्र तेच असते, पण दाखला नसल्यामुळे पगार आणि हुद्दा खालचा राहतो.

कारण शोधायचे तर पाळीकडे पाहावे लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधी कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. पुढे काही राज्यांनी अटींवर सूट दिली. पण मोटार कारखान्याची असेंब्ली लाइन दोन-तीन पाळ्यांत चालते, आणि ज्याला सर्व पाळ्यांत फिरवता येत नाही त्याला घ्यायला व्यवस्थापन नाखूश असते. फिटर होऊन मुलीला नोकरी लागणार नसेल तर फिटर कशाला व्हायचे, हा बापाचा प्रश्न अगदी रास्त होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी करता येते. कायद्याने दार उघडले. मध्यरात्री सुटणाऱ्या पाळीनंतर खोलीपर्यंत नेणारी गाडी आणि राहायला वसतिगृह मिळाले, तरच ट्रेड निवडताना त्याचा उपयोग होईल.

मोटारीच्या असेंब्ली लाइनवर स्त्रिया काम करू शकतात, याचा पुरावा पिंपरी-चिंचवडला आहे. टाटा मोटर्सच्या तिथल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्या जोडणाऱ्या एका लाइनवर २०२२ पासून सर्व काम स्त्रिया करतात. सुरुवातीलाच त्यांची संख्या दीड हजाराच्या आसपास होती. याच कंपनीने, तेव्हाच्या टेल्कोने, १९७४ मध्ये दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते. त्यावर सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवले, तिची पुण्यात मुलाखत झाली आणि तिला नोकरी मिळाली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या गेल्या.

समोर कोण दिसते

मुलगी एखादा अभ्यासक्रम मनात आणते तेव्हा तो केलेली बाई तिने कुठेतरी पाहिलेली असते. याचा सर्वांत भक्कम पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून येतो. लोरी बीमन, एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे आरक्षणामुळे सलग दोन वेळा बाई सरपंच झाली होती, त्या गावांत किशोरवयीन मुला-मुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातली दरी पुसली गेली आणि मुलींचा घरकामातला वेळही कमी झाला. गावात नवे कारखाने आले नव्हते की नोकऱ्या वाढल्या नव्हत्या. बदलली होती ती गावाच्या प्रमुखाची खुर्ची, आणि तोही परिणाम एका कार्यकाळात दिसला नाही, दुसऱ्यानंतर दिसला.

मानेसरमध्येही अशी उदाहरणे आहेत. नैनवाल रस्त्यावरील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ होत्या. मानेसर महापालिकेची पहिली निवडणूक २०२५ मध्ये झाली आणि डॉ. इंद्रजीत यादव या अपक्ष उमेदवार पहिल्या महापौर झाल्या. संशोधन केंद्राच्या भिंतीपलीकडच्या सरकारी शाळेतील मुलीला आत कोण काय काम करते हे कळण्याची सोय मात्र आपोआप होत नाही. शाळेची सहल तिथे न्यावी लागते, शास्त्रज्ञ बाईंना वर्गात बोलवावे लागते. हे काम स्वस्त आहे आणि आजही करता येण्यासारखे आहे.

नियमातच लिहिलेला फरक

शाखांच्या चर्चेत मुलगे बहुधा सुटून जातात. मानेसरभोवतीच्या गावांतल्या मुलाने बारावीनंतर लवकर कमावते व्हावे, ही अपेक्षा त्याच्या डोक्यावर सतत असते. सैन्यभरती, पोलीस, आयटीआय किंवा कंपनी, यांपलीकडे तो जाऊ लागला की वेळ वाया घालवतोय असे ऐकतो. आर्ट्स तोही घेतो, पण बहुतेक वेळा भरतीची वाट पाहत. साहित्य किंवा मानसशास्त्र आवडते म्हणून घेतो, असे सांगणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहिले जाते. बहिणीला घराजवळ ठेवणारा हिशेब आणि भावाला पुस्तकांपासून लवकर तोडणारा हिशेब एकाच घरात, एकाच चुलीपाशी होतो.

आणि काही ठिकाणी हा फरक रीतीवर सोडलेला नाही, तो प्रवेशाच्या नियमांत छापलेला आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या १४५ जागांपैकी मुलींसाठी ३० जागा आहेत. त्याच संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला फक्त मुली घेतल्या जातात. दोन्हींची वाट नीटमधूनच जाते. दिल्लीच्या एम्समध्येही बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग मुलींपुरतेच आहे, आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत स्त्रिया व पुरुष यांचे प्रमाण ८० आणि २० असे ठरवून दिलेले आहे. मुलींसाठी बंद असलेले खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले. मुलींना खुल्या झालेल्या पहिल्या प्रवेश परीक्षेत हरियाणातल्या रोहतकची मुलगी मुलींमध्ये पहिली आली, आणि मे २०२५ मध्ये १७ छात्र मुली तिथून बाहेर पडल्या. नर्सिंगमधल्या अशा अटींची मुलांच्या बाजूने चर्चा मात्र कमीच होते. रुग्णाला उचलणे, रात्रभर जागणे, जखम बांधणे ही कामे मुलांना येतात. रुग्णालयांना परिचारकांची गरज आहे, मानेसरच्या चौकात कंत्राटी नोकरी संपलेली बारावी पास मुले काम शोधत उभी असतात, आणि मेडिकल शाखा घेतलेल्या मुलाला डॉक्टरची जागा हुकली की नर्सिंगचा पर्याय घरात कुणी सुचवतही नाही.